अस्हाबे कहफच्या नावाचे एक फ्रेंच खेडे

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे, नवरा-बायको, फ्रान्सला जाऊन आलो. दोघेही शिक्षक असल्यामुळे परदेश ही आमच्यासाठी भूगोलाच्या पुस्तकातली गोष्ट. पण भाच्याने तिकिटे काढून पाठवली आणि त्याच्या आईने, म्हणजे आमच्या आपाने, निघताना एक कामगिरी सोपवली. "त्याला सांगा, सहा वर्षं झाली, आता पुरे. तिथे ना मशीद, ना आपली माणसं. पोरगी चार वर्षांची झाली, माझ्याशी फोनवर दोन शब्द धड बोलत नाही. परत ये म्हणावं." आम्ही हो म्हटले. कोकणातल्या घराघरांतून माणसे बाहेर गेलेली आहेत, कुणी आखातात, कुणी जहाजावर, आणि प्रत्येक घरात अशी एक आपा असते. त्यामुळे नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

फ्रान्स म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर पॅरिस येते. आम्ही पॅरिसला फक्त गाडी बदलली. मोंपार्नास स्टेशनातून पश्चिमेकडे जाणारी वेगवान गाडी तीन तासांच्या आसपास आम्हाला प्लुआरे नावाच्या छोट्या स्टेशनावर घेऊन गेली. तेथून दोन-तीन किलोमीटरवर भाच्याचे गाव. नाव ल व्यू-मार्शे, म्हणजे 'जुना बाजार'. औरंगाबादपासून पुण्यापर्यंत जुना बाजार आपल्याकडेही आहेच. येथे मात्र अख्ख्या गावाचेच ते नाव, आणि ते दोन भाषांत लिहिलेले. वरची पाटी फ्रेंच, खालची ब्रेटन. त्या दुसऱ्या भाषेविषयी पुढे सांगायचे आहे.

हा भाग फ्रान्सचा पश्चिमेकडे समुद्रात घुसलेला कोपरा. त्याला ब्रिटनी म्हणतात. जिल्ह्याचे नाव कोत दार्मोर. समुद्र गावाला लागून नाही, पण वाऱ्यात कळतो. दगड ग्रॅनाइटचा, घरे त्याच दगडाची, छपरे काळ्या पाटीच्या दगडाची. शेतांना कुंपण म्हणून मातीचे आणि दगडांचे उंच बांध, त्यावर ओक आणि काटेरी झुडपे. पहिल्याच दिवशी आम्ही म्हणालो, "अरे, हे तर आपले गडगे!" फक्त जांभ्याच्या जागी ग्रॅनाइट. १९६० च्या दशकात शेते मोठी करण्याच्या सरकारी मोहिमेत असे कितीतरी बांध बुलडोझरने सपाट केले गेले. आता पाणी आणि माती वाहून जाऊ लागल्यावर तेच बांध पुन्हा घालावेत असे म्हणणारे लोक वाढले आहेत. पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजारांच्या वर पडतो. पण येथे तो बारा महिने, रोज थोडा थोडा, भिजवतो आणि भांडत नाही.

येथल्या लोकांचा स्वभावही कोकणी वाटला. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर, बायका शेतात, घराबाहेर कमी बोलणे, पण एकदा ओळख झाली की जेवल्याशिवाय सोडायचे नाही.

गावाची रचना सांगतो, कारण आम्हाला ती आवडली. फ्रान्समध्ये गावच्या कारभाराच्या सर्वांत लहान भागाला 'कोम्यून' म्हणतात. राज्यक्रांतीच्या वर्षी, डिसेंबर १७८९ मध्ये, ही व्यवस्था कायद्याने आली. आज संपूर्ण देशात सुमारे ३५ हजार कोम्यून आहेत. पॅरिसही कोम्यून आणि तेराशेच्या आसपास वस्तीचे आमच्या भाच्याचे गावही कोम्यून. आपल्या ग्रामपंचायतीसारखेच, पण वजन जास्त. निवडून आलेल्या मेअरच्या कार्यालयाला 'मेरी' म्हणतात. जन्म, मृत्यू, लग्न सगळे तेथेच. लग्नाचा नियम तर वाचकांना नवलाचा वाटेल. तेथे आधी मेअरसमोर लग्न लागते, चर्चमधला विधी किंवा निकाह त्यानंतर. मेरीचा दाखला न पाहता निकाह पढवत राहणारा इमाम कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. पाद्रीसुद्धा.

ल व्यू-मार्शे फार मोठे नाही. मध्यभागी चौक आणि मेरी, दारात शाळा, थोडी दुकाने, मग शेते आणि शेतांत विखुरलेल्या वाड्या. एकोणिसाव्या शतकापर्यंत हा सगळा मुलूख प्लुआरे गावातच मोडत होता. प्लुआरेमधील 'प्लू' या शब्दाचा अर्थ पूर्वी एका चर्चखाली येणारी वस्ती. पाचव्या-सहाव्या शतकांत समुद्रापलीकडच्या ब्रिटनमधून लोक होड्यांतून येथे आले, त्यांनी अशी गावे वसवली आणि आपली भाषाही आणली.

चौकाजवळ पहिल्या महायुद्धातील मृतांचे स्मारक आहे. फ्रान्समध्ये असे स्मारक नसलेले गाव शोधावे लागते. एवढ्याशा गावातून किती पोरे गेली हे मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबलो. एकेका आडनावाखाली दोन-दोन, तीन-तीन नावे होती.

आता खाण्याविषयी, कारण परतल्यावर सर्वांत जास्त प्रश्न त्याचेच आले. ब्रिटनीत गव्हाइतकेच महत्त्व कुट्टूला. उपवासाला आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे कुट्टूचे पीठ वापरतात, तेच. त्याचे पीठ पाण्यात आणि मिठात भिजवून मोठ्या लोखंडी तव्यावर पातळ पसरवतात. त्याला 'गालेत' म्हणतात. आमच्या घरात बघताक्षणी त्याला घावन हे नाव पडले. वर अंडे, चीज आणि खारे लोणी. लोणी ते खारेच खातात, बाकीचा फ्रान्स अळणी खातो याचा त्यांना अभिमान आहे. गंमत म्हणजे या धान्याचे फ्रेंच नाव 'सारासँ'. मध्ययुगात युरोपचे लोक मुसलमानांना याच नावाने ओळखत. दाणा काळा म्हणून किंवा पूर्वेकडून आला म्हणून हे नाव पडले असे सांगतात. म्हणजे ज्या खेड्यात मुसलमान माणूस शोधून सापडत नव्हता, तेथे शेकडो वर्षे घराघरांतल्या तव्यावर त्याचे नाव भाजले जात होते.

गोश्ताचा प्रश्न मात्र खरा आहे. फ्रान्समधील निम्म्याहून अधिक डुकरे एकट्या ब्रिटनीत पाळली जातात. वाऱ्याची दिशा बदलली की गोठ्यांचा वास येतो. त्यांचे मलमूत्र आणि शेतातले खत पावसाबरोबर समुद्रात जाते आणि तिथे हिरवे शेवाळ माजते. ते कुजताना विषारी वायू सुटतो. जवळच्याच किनाऱ्यावर २००९ मध्ये त्या वायूने एक घोडा मेला, स्वार बेशुद्ध पडला. तेव्हापासून हा प्रश्न फ्रान्सभर गाजतो आहे. भाच्याच्या घरी मासे, अंडी, भाजी यांवर आठवडा निघतो. हलाल मटण आणायला चार-पाच घरांतील एक जण महिन्यातून एकदा गाडी घेऊन लांबच्या शहरात जातो आणि सर्वांचे घेऊन येतो. ही चार-पाच घरे म्हणजे पंचक्रोशीतली त्याची बिरादरी. त्यांत दोन अल्जेरियन, एक मोरोक्कन, एक सेनेगलचा. सगळे लान्यों शहरात नोकरीला. लान्यों पंधरा किलोमीटरच्या आत. दूरसंचाराच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. अमेरिकेतून टेलस्टार उपग्रहामार्फत युरोपात पहिले थेट दूरदर्शन चित्र जुलै १९६२ मध्ये याच भागात, प्लमर-बोदू गावच्या अँटेनावर, उतरले होते. आमचा भाचाही तसल्याच कामात आहे.

गावाच्या पूर्वेकडून लेगेर नदी वाहते. तिच्या काठाने आम्ही रोज सकाळी फिरायला जात होतो. पाणी चहासारखे तपकिरी, पण स्वच्छ. त्यात सामन मासा समुद्रातून वर चढतो, पाणमांजरे आहेत. वरच्या अंगाला कागदाच्या गिरणीला वीज देण्यासाठी १९२० च्या दशकात धरण बांधले होते. गिरणी बंद पडली, धरण गाळाने भरत आले, तेव्हा १९९६ मध्ये सरकारने ते पाडून टाकले. फ्रान्समधील अशा पहिल्या मोठ्या कामांपैकी ते एक. आम्ही वाशिष्ठीच्या पुराची गाळाने भरलेली घरे पाहिलेली माणसे. धरण पाडल्यावर नदी जुन्या वाटेने वाहू लागली हे ऐकून बराच वेळ गप्प बसलो.

आता त्या दुसऱ्या भाषेविषयी. ब्रेटन ही फ्रेंचची बोली नव्हे. ती वेल्श भाषेची बहीण, फ्रेंचशी तिचे नाते नाही. शंभर वर्षांपूर्वी ती बोलणारे दहा लाखांहून अधिक होते. आज दोन लाखांच्याही खाली आले, आणि त्यांतले बहुतेक म्हातारे. हे आपोआप झाले नाही. सरकारी शाळांत एक पद्धत होती. जो मूल ब्रेटन बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात लाकडी बूट किंवा लाकडाचा तुकडा अडकवायचा. त्याने मग दुसऱ्या कुणाला बोलताना पकडून ते त्याच्या गळ्यात घालायचे. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात राहील त्याला शिक्षा. त्या वस्तूला 'सँबोल' म्हणत, म्हणजे 'खूण'. या गावाच्या एका वाडीत आम्हाला एक आजी भेटल्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना ते आठवते. भाचा दुभाष्या झाला. त्या म्हणाल्या, "शिक्षकाचा मला राग नव्हता. राग त्या मैत्रिणीचा होता, जिने मला पकडून दिलं. अजून आहे." आणि हसल्या. आपल्या मुलांशी मात्र त्या ब्रेटन बोलल्या नाहीत. मुलांच्या गळ्यात ते पडू नये म्हणून.

आम्ही हसू शकलो नाही. आमच्यापैकी एकाने, कोणी ते राहू दे, नोकरीच्या पहिल्या वर्षांत वर्गात घरची बोली बोलणाऱ्या मुलांना एक रुपया दंड ठेवला होता. शुद्ध भाषा यावी हाच हेतू. वर्गात एक मुलगा होता, वडील मासेमारी करणारे. त्याने दंड कधी दिला नाही, कारण त्याने वर्गात बोलणेच सोडले. दहावीला तो बसला नाही. त्या आजींच्या स्वयंपाकघरात, कॉफीचे वाडगे समोर असताना, तो मुलगा इतक्या वर्षांनी आठवला.

१९७७ पासून काही पालकांनी 'दिवान' नावाच्या शाळा काढल्या. 'दिवान' म्हणजे ब्रेटन भाषेत अंकुर. आपल्या दीवान शब्दाशी संबंध नाही, पण उर्दू शिकवणाऱ्या माणसाचे कान टवकारलेच. या शाळांत सगळे विषय ब्रेटनमधून शिकवतात. लान्योंलाही अशी शाळा आहे. मात्र २०२१ मध्ये देशाच्या घटना परिषदेने अशा पूर्ण ब्रेटन माध्यमाच्या शिक्षणावर आक्षेप घेतला, कारण घटनेनुसार प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच. त्याच देशात २००४ पासून सरकारी शाळेत मुलींना हिजाब घालता येत नाही. सगळ्यांनी एकसारखे दिसावे, एकसारखे बोलावे म्हणजे सगळे समान होतील, असा काहीसा त्यांचा विश्वास आहे. तो वाईट हेतूने आलेला नाही हे आम्ही मान्य करतो. पण एक रुपया दंडसुद्धा वाईट हेतूने नव्हता.

या सगळ्यात ज्या जागेसाठी हा लेख लिहायला बसलो ती राहूनच चालली. गावाच्या चौकापासून तीन-चार किलोमीटरवर एक वाडी आहे. तिचे नाव सेत-सँ, म्हणजे सात संत. आजी याच वाडीतल्या. तेथे एक लहान चर्च आहे, १७०३ ते १७१४ या काळात बांधलेले. बाहेरून त्या भागातल्या इतर शेकडो चर्चसारखेच. पण त्याच्या एका बाजूच्या भिंतीखाली मोठमोठ्या शिळा उभ्या आहेत आणि त्यांवर आडव्या शिळा टाकलेल्या आहेत. हे अश्मयुगातले थडगे, हजारो वर्षांपूर्वीचे. चर्च बांधणाऱ्यांनी ते मोडले नाही, भिंतीत सामावून घेतले. वाकून आत जावे लागते. आत गुहेसारखा अंधार आणि सात लहान मूर्ती. त्या दिवशी चर्चला कुलूप होते. आजींनी चावी आणून दिली.

या सात जणांची नावे वाचकहो, तुम्हाला अनोळखी वाटतील. माक्सिमियाँ, मार्क, मार्तिनियाँ, दनी, जाँ, सेरापियोँ, कोंस्तांतँ. पण गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे. जालीम राजाच्या काळात ईमान वाचवण्यासाठी गुहेत शिरलेले आणि शेकडो वर्षे झोपून उठलेले तरुण. हेच आपले अस्हाबे कहफ. पवित्र कुरआनातील अठरावी सूरह त्यांच्या गुहेच्या नावाची आहे, आणि जुम्याच्या दिवशी आपल्या घरांत ती पढली जाते.

ख्रिस्ती परंपरेत ही घटना तुर्कस्तानातील इफिसस शहराची मानतात. डेशियस या रोमन बादशहाच्या छळातून, इ. स. २५० च्या सुमारास, ते पळाले आणि दुसऱ्या थिओडोशियसच्या काळात जागे झाले असे ते सांगतात. सहाव्या शतकात ही कथा सीरियाई भाषेतून लॅटिनमध्ये आली आणि पश्चिमेकडे पसरली. मुसलमानांत ती गुहा कोणती याविषयी एकमत नाही. तुर्कस्तानात अनेक ठिकाणे दाखवतात, जॉर्डनमध्ये अम्मानजवळ एक. कुरआनाने स्थळ सांगितलेले नाही. संख्येबद्दलही लोक तीन, पाच, सात म्हणतील, आणि चौथा, सहावा, आठवा त्यांचा कुत्रा, पण खरे अल्लाहलाच ठाऊक, असे सांगून वाद मिटवला आहे. मुदतीबद्दल तीनशे वर्षे आणि वर नऊ असे आले आहे. आठवीच्या मुलांना आम्ही दरवर्षी हे गणित घालतो. तीनशे सौर वर्षांचे दिवस काढा, चांद्र वर्षाच्या ३५४ दिवसांनी आणि थोड्या तासांनी भागा. उत्तर तीनशे नऊ येते, आणि वर्गात क्षणभर शांतता पसरते.

हे सात जण ब्रिटनीच्या आडरानात कसे पोहोचले, यावर तेथील अभ्यासकांत मतभेद आहेत. काही म्हणतात, मुळात येथे ब्रिटनीच्या स्वतःच्या सात जुन्या संतांची जागा होती, इफिससचे सात मागून येऊन मिळाले. मात्र या भागात एक लांबलचक ब्रेटन लोकगीत गायले जात होते. त्यात ही गोष्ट आहे आणि ती शिळांची जागा माणसाने नव्हे, जग निर्माण झाले तेव्हा खुदानेच बांधली असे म्हटले आहे. हे गीत लिहून ठेवणारा माणूस याच मातीतला, फ्रांस्वा-मारी ल्युझेल. तो १८२१ साली जन्मला आणि त्याने आयुष्यभर शेतकऱ्यांकडून, भिकाऱ्यांकडून गाणी आणि कहाण्या गोळा केल्या. त्याला गाणी सांगणारी एक बाई शेजारच्या प्ल्युझ्युने गावची होती, मार्हारित फ्युलुप. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, एक हात अधू, आणि शेकडो गाणी तोंडपाठ. पोटासाठी ती दुसऱ्यांच्या नावाने पायी यात्रा करत असे. आजारी किंवा म्हातारा माणूस पैसे देई, ती त्याच्या वतीने जाऊन येई. आम्हाला हज्जे-बदल आठवला. भाच्याच्या बायकोला ही बाई इतकी आवडली की तिने तिचे चित्र शोधून फ्रीजवर लावले आहे.

पुढची गोष्ट लुई मासिन्यों या प्राध्यापकाची. १८८३ ते १९६२ हा त्यांचा काळ. पॅरिसमध्ये ते इस्लामचे अभ्यासक म्हणून नावाजले होते. मन्सूर हल्लाजवर त्यांनी आयुष्य घातले. तरुणपणी, १९०८ मध्ये, इराकमध्ये ते संकटात सापडले, आजारी पडले, तेव्हा बगदादच्या आलूसी घराण्याने त्यांना आसरा दिला. ती मेहमाननवाजी ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. स्वतः पक्के ख्रिस्ती राहिले, पण मुसलमानांच्या बाजूने बोलत राहिले. अल्लामा इक्बाल १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसला गेले तेव्हा त्यांना भेटले होते. गांधीजींना ते फार मानत. जानेवारी १९४८ च्या २७ तारखेला, शहादतीच्या तीन दिवस आधी, गांधीजी मेहरौलीला हजरत कुतबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्यात गेले होते. ती भेट मासिन्यों यांच्या मनात कायमची घर करून राहिली. आपल्या दख्खनशीही त्यांचा धागा आहे. हैदराबादचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी १९५९ मध्ये कुरआनचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध केला. त्याची प्रस्तावना मासिन्यों यांची.

तर या सेत-सँच्या चर्चची दरवर्षी जुलैच्या चौथ्या रविवारी यात्रा भरते. तिला 'पार्दों' म्हणतात, म्हणजे क्षमा. आपल्या उरुसासारखी. आदल्या संध्याकाळी होळीसारखा जाळ करतात, दुसऱ्या दिवशी प्रार्थना आणि मिरवणूक. १९५४ मध्ये मासिन्यों यांनी पॅरिसमध्ये मजुरी करणाऱ्या अल्जेरियन मुसलमानांना या यात्रेला बोलावले. त्यानंतर तीनच महिन्यांत, १ नोव्हेंबरला, अल्जेरियाचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले आणि आठ वर्षे चालले. त्या आठ वर्षांत फ्रेंच शेतकरी आणि अल्जेरियन मुसलमान या वाडीत एकत्र येत राहिले. घराघरांतून पोरे अल्जेरियाला लढायला गेलेली असताना. आजी म्हणाल्या, सगळ्यांना ते आवडत होते असे समजू नका.

आजही रविवारी दुपारी लोक चर्चपासून थोड्या अंतरावर असलेल्या झऱ्यापाशी जातात आणि तेथे सूरह कहफची तिलावत होते. मग सगळे मिळून जेवतात. २०१६ मध्ये ही यात्रा २४ जुलैला झाली. दोनच दिवसांनी, २६ जुलैला, नॉर्मंडीत ८५ वर्षांचे पाद्री जाक हामेल यांना इस्लामचे नाव घेणाऱ्या दोन तरुणांनी चर्चमध्येच ठार केले. भाचा तेव्हा तेथे नव्हता. पण त्याचे अल्जेरियन मित्र सांगतात की त्या आठवड्यात पावाच्या दुकानात जायलाही पाय उचलत नव्हता. पुढच्या रविवारी देशभरातले कितीतरी मुसलमान चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकांवर बसले.

आम्ही मे महिन्यात गेलो, त्यामुळे यात्रा पाहायला मिळाली नाही. शाळा जूनमध्ये सुरू होते, जुलैची रजा कोण देणार! चर्चमध्ये आम्ही पाहुणे म्हणून गेलो, शिळा पाहिल्या, मूर्तींपाशी थांबलो नाही. मग पायवाटेने झऱ्यावर गेलो. हिरव्या उतारावर दगडी बांधणीचे कुंड, आणि दगडातील सात छिद्रांतून पाणी येते. आजूबाजूला कुणी नाही. असरची वेळ झालेली. पाणी बर्फासारखे. वुजू करताना बोटे बधिर झाली. जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेली आम्ही माणसे, तेथे किबला आग्नेयेकडे. गवतावर भाच्याचे जॅकेट अंथरले. नमाजीनंतर पाठ असलेल्या सूरह कहफच्या सुरुवातीच्या आयती पढल्या. चार वर्षांची नात बाजूला बसून फुले तोडत होती. तिने विचारले, फ्रेंचमध्ये, की तो कुत्रा कुठे आहे. भाच्याने तिला गोष्ट सांगितलेली होती.

येताना भाच्याला आम्ही आपाचा निरोप सांगितला. तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "मामू, त्या गुहेतल्या लोकांनी उठल्यावर पहिलं काय केलं? चांदीचं नाणं देऊन एकाला शहरात पाठवलं, पाक अन्न बघून आण म्हणून. आमचंही तेच चाललंय, महिन्यातून एकदा." हसला, पण लगेच गंभीर झाला. "अम्मीला वाटतं मी इथे रमलोय. तसं नाही. पोरीला शाळेत पुढे काय सोसावं लागेल याचा विचार करून झोप येत नाही. पण तिथे येऊन काय करू? इथल्यासारखं काम आपल्याकडे मुंबईतसुद्धा नाही. पुन्हा गाव तर सुटणारच ना?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. मामी म्हणाली, "ते तू बघ. पण पोरीशी घरात आपल्या भाषेत बोल. उर्दू बोल, आपली बोली बोल, काहीही बोल." तो म्हणाला, "बोलतो मामी. ती उत्तर फ्रेंचमध्ये देते."

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या ओळखीचे वयस्कर अल्जेरियन गृहस्थ दर वर्षी त्या यात्रेला जातात. या जुलैत झऱ्यावर तिलावतीला तूही ये, म्हणून त्यांनी बोलावले आहे. जावे की नाही हे तो ठरवू शकला नव्हता. चर्चची मिरवणूक, मूर्ती, आणि गावाकडे कुणी काय म्हणेल. आमच्यातही एकमत झाले नाही. एक जण म्हणाला, मिरवणुकीत चालायचे नाही, पण कुरआन ऐकायला लोक उभे असतील तर पढायला काय हरकत? दुसरे म्हणाले, एकदा फोटो पसरला की कोण काय अर्थ काढेल सांगता येत नाही. शेवटी भाच्याने आईला फोन लावला. आपाने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "कहफ पढायला कुणी बोलावतंय आणि तू विचारत बसलायस? पढ. आणि परत यायचं काय ते सांग."

परत यायचे काय ते त्याने अजून सांगितलेले नाही.

जुलैत आमच्याकडे पावसाचे तांडव चालले होते. रविवारी रात्री त्याचा आवाज मोबाइलवर आला, सुमारे चार मिनिटांचा. मागे पाण्याची खळखळ, एक लहान मूल खोकते आहे, आणि भाच्याचा आवाज, थोडा घाईचा. आपाने तो दोनदा ऐकला. मग म्हणाली, "एका ठिकाणी मद कमी खेचली. लहानपणी पण तिथेच चुकायचा."